भांडे घासाचा दगड

निंदणाला बाया पाहिजे असल्या की आमच्याकडचा माणूस मजूर शोधत फिरत नाही, सरळ विजयमालाच्या दारात जाऊन उभा राहतो. शेलूबाजारला डांबरी सोडून आत वळलं की तिसरं गाव आमचं. गावात सोयाबीन पेरणारे शंभर असतील, पण त्या सोयाबीनमधलं गवत कोणत्या दिवशी कोणाच्या वावरात किती बाया काढतील, हे ठरवणारी ही एकटी. तिला मुकादमीण कोणी केलं नाही. वीस वर्षांआधी एका मुकादमानं बायांना दुपारचं पाणी उशिरा पाजलं म्हणून ती अकरा बाया घेऊन वावरातून उठली, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या अकरा जणी तिलाच विचारून कामाला जायला लागल्या. इतकीच गोष्ट.

बाई काटक, काळीसावळी, तोंडाची फटकळ. सांजच्याला ओट्यावर बसून ती निरोप सोडायची. एका गल्लीत एका बाईला सांगायचं, तिनं चौघींना सांगायचं. फोन आले तरी ही पद्धत तिनं मोडली नाही. म्हणायची, "फोन कोनी बी कानावर घेऊन हो-हो करते. दारात जाऊन सांगतलं का नाही म्हनाची लाज वाटते."

तिचा एक नियम होता, तो आधी सांगून ठेवतो. निंदताना एका बाईनं दोन तास धरायचे, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, या बांधाच्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. ती तिची पात. उन्हात कंटाळली की एखादी बाई मधलं चार हात गवत तसंच ठेवून पुढं सरकते. दुसरे मुकादम अशा बाईला आयमाय काढून शिव्या देतात नाहीतर घरी धाडतात. विजयमाला तसं करायची नाही. त्या बाईला पातीच्या तोंडाशी उभं करायची. बाकीच्या जणी खुरपं खाली ठेवायच्या. मग त्या बाईनं आपल्या तोंडानं सांगायचं, कुठून सोडलं, कुठलोक सोडलं. झालं. पुन्हा त्याचा शब्द निघत नसे.

टोळीतली सगळ्यात लहान रूपा. नवी नवी आली तेव्हा तिनं एक जागा सांगितली आणि दुसरी गिळली. विजयमालानं कंबरेवर हात ठेवले.

"अर्धं सांगतलं. उरलेलं?"

"तेवढंच हाय वो मावशी."

"गवत सोडलं याचं मले काई नाही वं पोरी. झाकून पुढं गेली याचं हाय. सांग, मंग पानी पी."

रूपानं सांगितलं, पाणी प्यायली, आणि पुढं कधी गवत सोडलं नाही.

नवरा जगदेव. तीन एकर वावर, एक बैलजोडी, दारू नाही, पत्ते नाही. सव्वीस वर्षांत बायकोवर हात उचलला नाही. माणूस भित्रा म्हणा, पण मऊ. एकच नाद, कागद जपायचा. बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठीसुद्धा पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवणार. टोळीतल्या बाया निंदता निंदता आपापल्या नवऱ्यांची सालटी काढायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तुहं बरं हाय वो माला. तुहा जगदेव म्हंजे देवमानूस." ती हसायची. हसायला जागा होती.

तीन वर्षांआधी तिच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. महिन्यातले वीस दिवस. आमच्या गावात ही गोष्ट नवी नाही; एका गल्लीत चार घरी गर्भपिशवी काढलेली बाई सापडते. वाशीमच्या एका खाजगी दवाखान्यात तिचीही पिशवी काढली. डॉक्टरनं काढलेली पिशवी ट्रेमध्ये ठेवून जगदेवला दाखवली, मग औषधाच्या पाण्यात बाटलीबंद केली आणि त्याच्याच हातात दिली. अकोल्याच्या लॅबमध्ये नेऊन द्या, तपासून घ्या, असं सांगितलं. आपल्याकडे असंच चालते. आजारी बाई पलंगावर, आणि तिच्या अंगातला तुकडा नवऱ्याच्या थैलीत.

आठ दिवसांनी जगदेव म्हणाला, "अकोल्याचा रिपोर्ट आला. साफ हाय."

विजयमाला कुशीवर झाली आणि महिनाभरानं पहिल्यांदा गाढ झोपली.

त्याच आठवड्यात त्यानं नाल्यातून एक रुंद, सपाट दगड गाडीत घालून आणला आणि परसातल्या कडुलिंबाखाली बसवला. त्या लिंबाखाली योगिनी आणि रवी या दोन्ही लेकरांच्या बाळंतपणातल्या वारी पुरलेल्या, म्हणून ती जागा तिला तशीही आपली वाटायची. जगदेव म्हणाला, "आता वाकू नको वं. यावर बसून भांडे घासत जाजो." दोन माणसांना उचलेना असा दगड. तिनं सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला. "पाहा वो, टाके तोडले नाही अजून, तं मानसानं बसाले सिंहासन आनलं." बाया जळल्या. तीन वर्षं रोज दोन वेळा ती त्या दगडावर बसून भांडी घासत होती.

मागच्या साली पोळ्याच्या सुमाराला पातळावर रक्ताचा डाग दिसला. तिनं आधी थट्टाच केली. "भाडेकरू गेला, घरही पाडलं, अन् आता भिताडातून पानी झिरपते काय?" पण झिरपणं थांबलं नाही. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाईनं तपासलं, आतून चिमूटभर तुकडा घेतला आणि दहा दिवसांनी सांगितलं: गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. पिशवी गेली तरी जिथं टाके घातले होते तिथं परत उगवला आहे.

"पहिल्या वेळचा रिपोर्ट काय होता?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"साफ होता मॅडम," जगदेव म्हणाला.

"साफ होता तर मग हा आला कुठून?"

जगदेव फरशीकडं पाहत राहिला. बाईनं फाईलमध्ये लिहून घेतलं, आधीचा रिपोर्ट चांगला, तोंडी सांगितल्याप्रमाणे. विजयमालाला वाटलं, बिचाऱ्याला बोलणं सुचेना. घरी आल्यावर तिनंच त्याला चहा करून दिला.

मग किरणांचे शेक झाले, केमोच्या बाटल्या झाल्या. डोक्यावरचे केस गेले. टोळीच्या बायांनी तिला रंगीत रुमाल आणून दिला, तो बांधून ती धुऱ्यावर बसायची आणि तिथूनच ओरडायची. चार महिने गाठ दबली. नंतर पोटात वर, रक्ताच्या मोठ्या नळीला चिकटून, दुसरी दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता औषध चालू ठेवू, जितकं दबेल तितकं.

इथं सुकेशनी आली. सुकेशनी म्हणजे शीलाची पोरगी. शीला या टोळीच्या पहिल्या अकरा जणींमधली, आणि विजयमालाच्या धुऱ्यावर तुरीच्या सावलीत पाळणा बांधून तिनं ही पोरगी मोठी केली. जयंतीला भाषण करणारी, बौद्ध वस्तीतली पहिली एमएस्सी. आता नागपूरला कॅन्सरवर नव्या औषधांच्या चाचण्या चालतात अशा एका ठिकाणी कामाला आहे. घरी आली होती, तेव्हा मावशीला भेटायला आली.

"मावशी, आमच्याकडे एक चाचणी सुरू होऊन राह्यली. बायाइच्या कॅन्सरवर. तुह्या डॉक्टरीणबाईले मी विचारते, पन आधी तू समजून घे."

"घेते ना. मले डोक्यावर केस नाही, अक्कल हाय."

"तुही टोळी चालते कशी? तू सोता वावरात जाऊन साऱ्या पाती निंदतं काय?"

"नाही. निरोप धाडते."

"अंगातही तसंच हाय. आपल्या एकएका पेशीत हुकूम देनारे बसले असतात, त्याइले जनुक म्हनतात. जनुक सोता काम करत नाही. निरोप सोडते. निरोप पोचला का पेशीतले मजूर कामाले लागतात. आता एखादं जनुक बिघडलं अन् एकच निरोप सोडत राह्यलं, वाढा, वाढा, वाढा, तं गाठ होते. आजपर्यंतचं औषध म्हंजे सारं वावर पेटवून टाकनं. गवतही जयते, पीकही जयते."

"थे तं माह्या डोक्याले पाहूनच समजते."

"हे नवं औषध निरोप वाटतच फाडते. जनुक आपल्या जागेवरच राह्यते, ओरडते, पन मजुराले ऐकूच जात नाही. जनुक गप्प करनं म्हनतात याले."

 मग मुकादमीण बोलली. "औषध थांबवलं का निरोप पुन्हा चालू होत असीन."

"होते. म्हनून पुन्हा पुन्हा द्या लागते. अन् दुसरी अडचन, थे औषध बरोबर गाठीतच पोचलं पाहिजे. रक्तात सोडलं का जास्त करून लिव्हरमध्ये जाऊन बसते. म्हनून लिव्हरच्या काई आजाराले असं औषध निंगालं, पन बायाइच्या कॅन्सरले अजून चाचनीच हाय. बरी होशीन असं मी म्हनत नाही मावशी. खोटं सांगनार नाही."

"बरं कराचं कोनं म्हनलं? वावर साफ होईन का नाही थे मंगचं. मले पात तं धराले भेटली पाहिजे ना."

दुसऱ्याच आठवड्यात सुकेशनीचा फोन आला. कोणाच्या गाठीत कोणता निरोप सुटतो आहे हे तुकडा पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तो निरोप असेल तरच चाचणीत घेतात. मागच्या साली घेतलेला चिमूटभर तुकडा तपासण्यांमध्येच संपला होता. नवी गाठ रक्ताच्या नळीला चिकटलेली, तिथं सुई टोचायला कोणी तयार नव्हतं.

"पन काई हरकत नाही मावशी," सुकेशनी म्हणाली. "पह्यल्या ऑपरेशनची पिशवी तपासली होती ना? लॅबवाले त्यातला तुकडा मेनात बसवून ठेवतात, वर्षानुवर्षं. थो चालते. कोनती लॅब होती?"

"तुह्या काकाले माहीत. थांब." तिनं फोन कानाचा न काढताच आवाज दिला. "काहो, अकोल्याची लॅब कोनती होती?"

जगदेव जेवायला बसला होता. त्याचा घास हातात राहिला. "आता आठोत नाही. कागद पेटीत असीन."

पेटी उपसली. त्यात लग्नपत्रिका निघाली, दोन्ही लेकरांच्या मार्कशीट निघाल्या, पंधरा वर्षांआधीच्या बियाण्याची चिठ्ठी निघाली, मेलेल्या म्हशीच्या विम्याचा कागद निघाला. रिपोर्ट निघाला नाही.

"उंदरानं खाल्ला असीन," जगदेव म्हणाला.

"उंदीर लय शिकलेला दिसते," ती म्हणाली. "म्हशीचा कागद ठेवला अन् माहाच खाल्ला."

ती थट्टा करून गेली खरी, पण तिचा हात पेटीच्या काठावरच राहिला. हे मला शीलानं सांगितलं, ती तेव्हा तिथं होती.

शनिवारी सुकेशनी आली आणि दोघी अकोल्याला गेल्या. जगदेवला तिनं सोबत घेतलं नाही. वाशीमच्या दवाखान्यातून ज्या लॅबमध्ये पेशंट जातात ती शोधायला वेळ लागला नाही. तिथं रजिस्टरवर फुलसिंग नावाचा माणूस, दिग्रसकडचा, डोळ्याला जाड चष्मा. त्यानं तारीख विचारून दोन महिन्यांचं रजिस्टर बोट लावून वाचलं.

"विजयमाला हाय," तो म्हणाला. तिनं सुकेशनीचा दंड धरला. "पातूरची. वय एकसष्ट. अन् हे एक मूर्तिजापूरची. तुमची नाही बाई."

"पुन्हा पाहा ना भाऊ. नवऱ्याच्या नावानं असीन."

त्यानं पुन्हा पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, उठून मागचं कपाट उघडून दाखवलं. लहान लहान खणांमध्ये मेणाचे ठोकळे, बोटाच्या पेराएवढे, प्रत्येकावर नंबर. "आमच्याकडं तुकडा आला असता तं असा दिसला असता. आमी फेकत नाही. आलाच नाही."

ती कपाटाकडं पाहत म्हणाली, "एवढ्या बाया बसल्या अठी. माहीच जागा नाही."

परत येताना वाशीम. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नोंद होती: बाटली नातेवाइकास दिली. समोर सही. जगदेवची सही कोणीही ओळखेल. ज चा पाय असा लांब ओढतो की खालच्या ओळीत शिरतो. डॉक्टर म्हणाले, आम्ही दिली होती, बघा सही आहे. तुम्ही रिपोर्ट घेऊन परत आल्या नाहीत, म्हणजे चांगलाच असेल असं आम्ही धरलं.

"धरलं?" विजयमाला म्हणाली. "डाक्टरसाहेब, माह्या टोळीतली बाई एक दिवस आली नाही तं मी तिच्या दारात जाते. मी धरत नाही."

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. सुकेशनी थांबते म्हणाली, तर हिनं तिला घरी धाडलं. परसात सकाळची भांडी पडली होती. ती सवयीनं दगडावर बसली, राख घेतली आणि कढई घासायला लागली. जगदेव बैलांना पाणी पाजून आला.

"अकोल्याले गेल्ती," ती म्हणाली. "वाशीमलेही गेल्ती. तुमची सही पाह्यली."

तो समोर मातीत बसला.

"बाटली कुठी गेली?"

 ती घासत राहिली. कढई आतून लख्ख झाली तरी घासत राहिली. तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"जिपीत बसलो होतो. थैली मांडीवर. बाजूले रिठदचा सोयरा भेटला. म्हने, काय आनलं वाशीमहून? मी म्हनलं, लोनचं. थो म्हने, असं वासते काय लोनचं? काढ, चाखू दे. सारी जीप हासली वं. माहा जीव इतकुसा झाला. दुसऱ्या दिवशी थेच घेऊन अकोल्याच्या गाडीत बसाची हिंमत नाही झाली."

"मंग?"

"मंग मले वाटलं, ज्यातून माहे दोन लेकरं आले थे परक्या मानसाच्या हातात कापाले कायले द्याचं? वार पुरतो आपन. हे बी पुरावं. इज्जतीनं. हयद-कुंकू वाह्यलं मी त्याच्यावर."

"अन् रिपोर्ट साफ कोनं सांगतला तुमाले?"

"तू इचारलं. बरी दिसत होती तू. मले वाटलं, साफच असीन."

"अन् मॅडमनं इचारलं तवा?"

तो जमिनीवरची काडी उचलून मोडत बसला.

"कुठी पुरली?"

जगदेवनं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. त्याची नजर तिच्या पायाखाली गेली आणि तिथंच राहिली. दगडावर.

"कुत्रे उकरतीन म्हनून," तो म्हणाला.

विजयमालानं कढई उपडी ठेवली. हाताची राख धुतली, बोटं एकएक करून. उठली. सव्वीस वर्षांत तिनं नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"मी साऱ्या गल्लीले दाखवत फिरली," ती म्हणाली, "अन् तू दारात उभा राहून पाहत होता."

त्या दिवसापासून ती भांडी समोरच्या ओट्यावर घासायला लागली, वाकून.

दुसऱ्या दिवशी जगदेवनं सुकेशनीला फोन लावला. बायकोसमोरच. "पोरी, उकरून आनू काय? घेऊन येतो नागपूरले. बाटलीत घालून येतो."

"काका," तिकडून सुकेशनी म्हणाली, "तीन पावसाळे गेले. तठी आता फक्त माती असीन."

तरी तो कुदळ घेऊन लिंबाकडं निघाला. विजयमाला बाजेवरून ओरडली, "ठेव थे कुदळ! जवा न्याचं होतं तवा पाय उचलले नाही. आता मातीले नागपूर दाखोतं काय?" त्यानं कुदळ लिंबाला टेकवली. पुढं कित्येक दिवस ती तिथंच टेकलेली होती.

नागपूरचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. तुकड्याशिवाय घेता येत नाही. सुकेशनीनं खूप खटपट केली, तिच्या वरच्या डॉक्टरशी भांडली, पण नियम तो नियम, आणि तोही उगाच केलेला नाही. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं सगळं ऐकून घेतलं, फाईलमधली 'तोंडी सांगितल्याप्रमाणे' ही ओळ लाल पेनानं खोडली आणि म्हणाली, तेव्हाच कळलं असतं तर कदाचित नुसत्या शेकावर भागलं असतं. कदाचित. विजयमाला म्हणाली, "मॅडम, थो शब्द तुमच्याजोळच ठेवा. मले घरी नेऊन काय कराचा?"

गावाला वाटलं ती माहेरी जाईल, नाहीतर त्याला हाकलेल. तिनं दोन्ही केलं नाही. घर तिचं होतं, ती कशाला जाईल? फाईल तेवढी पेटीतून काढून शीलाच्या घरी ठेवली. दवाखान्यात जाताना जगदेव सोबत जातो, पण थैली तिच्या मांडीवर असते आणि तो बाजूला मोकळ्या हातानं बसतो. बाहेरच्या कोणाला तिनं काही सांगितलं नाही. शीला आणि सुकेशनीला माहीत होतं, त्यांनीही तोंड उघडलं नाही. बाया अजून म्हणायच्या, काय सेवा करते वो तुहा जगदेव. ती ऐकून घ्यायची. मला वाटतं, आजारापेक्षा हे ऐकणंच तिला जास्त जड गेलं.

मग यंदा श्रावणात रूपाचं निघालं. तिच्याही अंगावरून जात होतं, वाशीमला पिशवी काढायची ठरली. तिचा नवरा गोलू शेलूबाजार-वाशीम जीप चालवतो. सांजच्याला बाया दुसऱ्या दिवशीच्या कामाचं विचारायला परसात जमल्या होत्या. विजयमाला बाजेवर उशीला टेकून बसलेली, अंगात फक्त आवाज उरलेला. गोलूही आला.

"वहिनी, सोमवारी नेतो हिले. चार दिवस कामावर येनार नाही."

"ने. पिशवी तपासाले अकोल्याले द्या लागीन, ठाऊक हाय ना?"

"त्याचं काय एवढं," गोलू हसला. "मी तं रोजचाच गाडीवाला. बाटली देईन कोन्या अकोल्यावाल्याजोळ टाकून. पोचली तं पोचली. पिशवीच निंगाली, मंग कायचं भेव?"

दोघी-तिघी हसल्या. विजयमाला हसली नाही.

"जगदेव!" तिनं हाक मारली.

बाया चमकल्या. नवऱ्याला असं नावानं कोण बोलावते? जगदेव गोठ्यातून बाहेर आला, हातात कडब्याची पेंढी.

"ठेव थे. अठी ये. लिंबाखाली, त्या दगडाजोळ उभा राह्य." तो आला आणि पेंढी पायाशी ठेवून उभा राहिला. "आता याले सांग. कुठून सोडलं, कुठलोक सोडलं."

टोळीतल्या बायांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. जिच्या हातात जे होतं ते तिनं खाली ठेवलं. जगदेवनं एकदा फाटकाकडं पाहिलं. तिथं गोलू उभा होता.

त्यानं सांगितलं. हळू सांगितलं, पण सांगितलं. बाटली, जीप, लोणचं, हसणारी माणसं. अकोल्याला गेलोच नाही हे सांगितलं. इथं पुरलं, हळद-कुंकू वाहिलं. रिपोर्ट साफ आहे असं बायकोला म्हणालो, डॉक्टरीणबाईला म्हणालो. त्या तुकड्यावाचून नागपूरच्या चाचणीत तिला घेतलं नाही. गोलूचं हसू कधीच विझलं होतं. जगदेवनं धोतरानं तोंड पुसलं आणि पेंढी उचलायला वाकला.

"अर्धं सांगतलं," विजयमाला म्हणाली. "उरलेलं?"

"सारं सांगतलं वं."

"नाही सांगतलं."

तो तसाच वाकलेला.  रूपानं पदर तोंडात धरला होता.

"दगडाचं सांग," ती म्हणाली.

जगदेव सरळ झाला. लिंबावरच्या साळुंक्या भांडून उडून गेल्या.

"कुत्र्याइनं उकरू नये म्हनून हा दगड आनला," तो म्हणाला. "अन् तिले म्हनलं, तुह्यासाठी आनला."

"हं," विजयमाला म्हणाली. "आता पानी पी."

तो प्यायला नाही. गोठ्यात गेला.

तिनं गोलूकडं तोंड केलं. "सोमवारी बाटली रूपाच्या मायच्या हातात देजो. ते बसीन घेऊन अकोल्यालोक, अन् नंबर लिहून आनीन. तू नुसती गाडी चालव." मग उशीवर मान टाकली आणि डोळे मिटूनच म्हणाली, "शीला, उद्या सात वाजता नाल्यावरच्या वावरात. चौदा बाया धाड. केन्याचं गवत लय माजलं तठी."